दोरीला सुटलेलं पोट

सिस्टरने त्याच्या हातात एक कागद दिला. कागदावर चौकोनांची जाळी होती, उभ्या रेघा, आडव्या रेघा आणि बरोबर मध्ये एक काळा ठिपका. "डावा डोळा झाका, उजव्याने ठिपक्याकडे बघा आणि रेघा सरळ दिसतात का सांगा," ती म्हणाली. हे वाक्य ती दिवसातून साठ वेळा म्हणत असावी, कारण म्हणताना ती दुसऱ्याच कुणाच्या तरी फाइलला टाचणी लावत होती. मिस्त्रीने डावा डोळा झाकला. अडतीस वर्षं तो हेच करत आला होता. डावा मिटायचा, उजवा बारीक करायचा, मान जराशी कलती करायची आणि निकाल द्यायचा. फरक इतकाच की तेव्हा समोर भिंत असायची आणि भिंतीमागे उभा असलेला गवंडी घाबरलेला असायचा. आज समोर साधा कागद होता आणि घाम मिस्त्रीला फुटला होता. ठिपक्याच्या शेजारच्या तीन उभ्या रेघा मधोमध फुगल्या होत्या, चाळिशी उलटलेल्या माणसाचं पोट सुटतं तशा. आणि ते पोट त्याच्या ओळखीचं होतं. तेवढंच, त्याच जागी, तसंच डावीकडे कललेलं. सात महिन्यांपूर्वी एका विटेच्या भिंतीत त्याने ते बघितलं होतं आणि दहा माणसांदेखत ती भिंत पाडायला लावली होती. "सरळ," तो म्हणाला. "सगळ्या?" "सगळ्या. छापणारा चांगला आहे." सिस्टरने फाइलीत काहीतरी खरडलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

बांधकामावर त्याला ओळंबा म्हणत. तोंडावर मिस्त्री, पाठीमागे ओळंबा. आणि पाठीमागचं नाव आपल्याला ऐकू येईल अशा बेताने तो चालत असे. दोरीला गोळा बांधलेलं ते साधं हत्यार भिंतीच्या माथ्यावरून खाली सोडायचं, दोरी आणि भिंत यांच्यामध्ये वरपासून खालपर्यंत सारखं अंतर राहिलं की भिंत सरळ. हे ज्याला कळतं तो गवंडी. पण ज्याला ओळंबा सोडावाच लागत नाही तो मिस्त्री, असं त्याचं म्हणणं होतं आणि दुसरं कुणी ते म्हणेपर्यंत तो थांबत नसे. तो लांबून बघायचा आणि "उजव्या कोपऱ्यात दोन सूत बाहेर" म्हणायचा, म्हणजे पाव इंच. मग लोक दोरी सोडायचे आणि दोन सूत निघायचे. कधी दीड निघालं तर बाकीचं अर्धं गोळ्यानेच चोरलं असणार याबद्दल कुणाला शंका नसायची. पोरगेला इंजिनिअर एकदा एक यंत्र घेऊन आला, भिंतीवर लाल रेघ मारणारं, लेझरचं. मिस्त्रीने ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "साहेब, हे दुपारी जेवतं का? नाही ना? मग मी काही स्वस्त नाही, पण बोलतो तरी." सगळे हसले, इंजिनिअरसुद्धा हसला, आणि यंत्र गाडीच्या डिकीत परत गेलं. ते हसू मिस्त्रीने बरेच दिवस पुरवून पुरवून वापरलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई लहानखुऱ्या होत्या आणि त्यांचा आवाज मोठा होता. त्यांच्या समोरच्या पडद्यावर त्याच्या उजव्या डोळ्याच्या आतला आडवा छेद दिसत होता. राखाडी थरांवर थर, आणि मध्ये टेकाड आल्यासारखा उंचवटा. "तुम्ही सिस्टरना रेघा सरळ दिसतात म्हणालात?" "तशा सरळच." "मशीनला वाकड्या दिसतायत." मशीनशी त्याचं पूर्वीपासूनच पटत नव्हतं. बायको शेजारच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि पडद्याकडे अशी बघत होती की जणू नवऱ्याच्या आत एवढी जागा आहे हे तिला आजच कळलं. "काय काम करता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. तो सांगायच्या आधी बायकोने सांगितलं. "मग तुम्हाला कळायला सोपं," बाई म्हणाल्या. "भिंतीत पाणी मुरलं की गिलावा फुगतो ना? तसं झालंय. साखरेने आतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या, त्या झिरपतायत, आणि नेमकी जिथून बारीक दिसतं ती मधली जागा सुजलीय. ओल आलीय पडद्याला. इंजेक्शनं घ्यावी लागतील. डोळ्यात. दर महिन्याला एक, काही महिने. ओल उतरली की बाजूच्या ज्या जागा गळतायत त्या लेझरने बंद करू." लेझर म्हटल्यावर त्याला गाडीची डिकी आठवली. "आणि साखर," बाई पुढे म्हणाल्या, "ती आवरली नाही तर मी नुसती गिलाव्यावर गिलावा करत बसेन." "घरी बिनसाखरेचाच चहा असतो हो," बायको म्हणाली. मिस्त्री टेबलावरच्या पेनाकडे बघत राहिला. बांधकामावर चार चहा होत, आणि तिथला चहावाला साखरेच्या बाबतीत सढळ होता.

इंजेक्शनची गोष्ट तो नंतर कुणाला नीट सांगू शकला नाही, कारण तीत सांगण्यासारखं धैर्य नव्हतं. थेंबांवर थेंब घातले. डोळ्यांत तेल घालून काम बघणारा माणूस म्हणून आयुष्यभर मिरवलेल्याच्या डोळ्यात आता एक मुलगी दर पाच मिनिटांनी येऊन थेंब घालत होती आणि "आजोबा, पुसू नका" म्हणत होती. मग तोंडावर हिरवं फडकं, त्याला एकाच डोळ्यापुरतं भोक, पापण्या ताणून धरणारा चिमटा. मिटता येत नाही, ही भानगड त्याला तिथे पहिल्यांदा समजली. डोळा मिटता येणं हा आपल्या धंद्याचा निम्मा भाग होता. "वर बघा, डावीकडे वर, हलू नका," मोठा आवाज म्हणाला. काहीतरी दाबल्यासारखं झालं, आणि पाण्यात शाई सांडावी तसे दोनतीन काळे गोळे नजरेसमोर तरंगायला लागले. ते बुडबुडे आहेत, एकदोन दिवसांत जातील, असं सांगून त्याला बाहेर बाकावर बसवलं. बाकावर आणखी चारपाच जण एकेक डोळा सांभाळत बसले होते, आणि त्यांच्यामध्ये बायको बोलत होती.

"आमच्या यांचा डोळा म्हणजे ओळंबा," ती शेजारच्या बाईंना सांगत होती. "बांधकामावर तेच नाव पडलंय. लांबून सांगतात, किती वाकडं ते. आणि तोंड बघून न्याय नाही. आता माझा सख्खा धाकटा भाऊ, गवंडीच, यांच्याच हाताखाली. त्याची भिंत वाकडी निघाली, तर यांनी पाडायला लावली. मेहुणा म्हणून सोडला नाही."

"मग भाऊ रागावला असेल," बाई म्हणाल्या.

"तो म्हणत होता भिंत सरळ आहे म्हणून. मी सांगितलं त्याला, या माणसाचा डोळा चुकत नाही. चुकलं तर कबूल कर, लहान होशील का? तर काम सोडून गेला. सात महिने झाले, मीपण फोन उचललेला नाही त्याचा."

"बरं केलंत," बाई म्हणाल्या, पण त्यांनी मिस्त्रीकडे जरा वेळ लावून बघितलं; म्हणजे एका डोळ्याने. मिस्त्रीला बाकाखाली जावंसं वाटलं. बाक लोखंडी होता आणि खाली चपला होत्या.

त्या दिवसाची गोष्ट लोकांत अशी होती. तळमजल्यावरच्या मागच्या खोलीची भिंत मेहुण्याने एका दिवसात छातीपलीकडे नेली. मेहुणा हाताचा जलद आणि तोंडाचा मंद. त्याला गवंडीकाम मिस्त्रीनेच शिकवलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, थापी कशी धरायची इथपासून. सकाळी मिस्त्री आला, इंजिनिअर बरोबर होता, आणखी दहाएक माणसं इकडेतिकडे होती. मिस्त्रीने डावा डोळा मिटला. म्हणाला, "मध्ये पोट आलंय. पाड." मेहुणा म्हणाला, "भाऊजी, नाही आलेलं." "मला दिसतंय." "मी दोरी सोडतो, तुम्ही बघा." त्याने माथ्यावर ओळंबा धरला, गोळा हलायचा थांबला, आणि मिस्त्रीने पुन्हा डावा डोळा मिटून बघितलं आणि म्हणाला, "तुझ्या ओळंब्यालाच पोट आलंय." हा विनोद फार चालला. जेवणाच्या सुट्टीत तो तीनदा सांगितला गेला, संध्याकाळी वरच्या मजल्यावर पोचला, आणि आठवड्याने दुसऱ्या बांधकामावरून परत आला तेव्हा त्यात गोळ्याला साखरेचा आजारही झालेला होता. मेहुण्याने भिंत पाडली. पाडायला त्याला दोन दिवस लागले. ओल्या चुन्यासिमेंटची भिंत, पहारीचे चार घाव घातले असते तरी लोळली असती. पण तो वरून एकेक वीट सोडवत होता, ठोकून साफ करत होता, रचून ठेवत होता आणि मध्येच थांबत होता. "बांधायला एक दिवस आणि पाडायला दोन?" मिस्त्री ओरडला होता. "बक्षीस पाहिजे काय?" मेहुण्याने मान वर केली, त्याच्याकडे बघितलं, आणि पुढची वीट उचलली.

दुसऱ्या इंजेक्शननंतर कागदावरच्या तीन फुगलेल्या रेघांपैकी एक सरळ झाली. तो कागद आता घरी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. रोज सकाळी एकेका डोळ्याने बघायचं, बिघाड वाटला तर कळवायचं, अशी ताकीद होती. इतरांचं काय होत असेल ते असो, मिस्त्रीला दर सकाळी सुधारणा वाटायची आणि तो कपाटाचं दार घाईने लावून टाकायचा. डोळा जसजसा बरा होत होता तसतशी मेहुण्याची ती पाडलेली भिंत सरळ होत चालली होती. भिंत तर केव्हाच नव्हती; तिच्या विटा दुसऱ्या भिंतीत गेल्या होत्या, त्या भिंतीला गिलावा झाला होता, रंग झाला होता, त्या खोलीत आता कुणीतरी राहत होतं. पण इथे कपाटाच्या दारात ती वीत वीत उठत होती, ओळंब्यात, तक्रारीला जागा न ठेवता. तिसऱ्या इंजेक्शनच्या वेळी डॉक्टरीणबाई पडद्यावरचं बसलेलं टेकाड दाखवून म्हणाल्या, "बघा, किती छान उतरलीय ओल. खूश ना?" तो इतक्या पडेल आवाजात "हो" म्हणाला की त्यांनी त्याची साखर पुन्हा तपासायला लावली. साखर उतरली होती. बांधकामावर त्याने चहाच सोडला होता, आणि ते पथ्य म्हणून नव्हे. चहाच्या टपरीपाशी अजून कुणी ना कुणी तो ओळंब्याचा विनोद सांगायचं आणि त्याच्याकडे कौतुकाने बघायचं.

बायको मात्र त्याच्याकडे पूर्वीपेक्षा जास्त बघायला लागली होती. तिला वाटायचं की डोळ्याची काळजी त्याला खातेय. तिने त्याच्या ताटातलं मीठसुद्धा कमी केलं, खबरदारी म्हणून. एकदा भाजी निवडता निवडता ती सहज म्हणाली, "धाकट्याच्या पोरीला ताप आला होता म्हणे, आठ दिवस दवाखान्यात होती. मला शेजारणीकडून कळलं." मग पेंडीची गाठ सोडत म्हणाली, "नाही गेले मी. गेले असते तर त्याला वाटलं असतं की मी त्याचं खरं मानलं." मिस्त्री म्हणाला, "जायचं होतंस." ती म्हणाली, "तुमचा शब्द खाली पडू देऊ?" आणि तिने इतक्या विश्वासाने त्याच्याकडे बघितलं की तो पाणी प्यायला उठला, प्यायला, आणि तहान नसताना आणखी एक भांडं प्यायला.

लेझरच्या दिवशी त्याला अंधाऱ्या खोलीत बसवलं. हनुवटी एका खोबणीत, कपाळ पट्टीला टेकलेलं, डोळ्याला काच लावलेली, आणि पलीकडे डॉक्टरीणबाईंचा श्वास. "आता बोलायचं नाही, हलायचं नाही," त्या म्हणाल्या, "उजेड चमकेल." हिरवी ठिणगी उडाली. मग दुसरी. गळक्या जागा एकेक बंद होत होत्या, आणि तो न हलता न बोलता बसला होता, आणि त्याला त्या सकाळी दिसलेलं सगळं दिसलं. लोक सांगतात ते नव्हे, राहिलेलं. मेहुण्याने दोरी सोडली होती. गोळा थांबला होता. त्याने डावा डोळा मिटून बघितलं तेव्हा भिंतीला पोट होतं आणि दोरीलाही पोट होतं. तेवढंच, त्याच जागी. खाली पावशेराचा पितळी गोळा लटकत असलेल्या दोरीला पोट सुटत नाही, हे त्याला शिकवायला कुणी लागत नव्हतं. ही गोष्ट तोच लोकांना शिकवत आला होता. त्याने डावा डोळा उघडला. दोरी सरळ. मिटला. दोरी वाकडी. पुन्हा उघडला. सरळ, आणि तिच्यामागे भिंत सरळ, नवी, ओली, सांधे पुसून स्वच्छ केलेली, कुणालाही अभिमान वाटावा अशी. या सगळ्याला चहाचा एक घोट घ्यायला लागतो तितका वेळ लागला. इंजिनिअर शेजारी उभा होता. यंत्र गाडीत होतं. दहा माणसं बघत होती. आणि मग त्याने तो विनोद केला. चूक डोळ्याची नव्हती. डोळा बिचारा एकच फसला होता; दुसऱ्याने वेळेवर साक्ष दिली होती. "शाबास, हलला नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता काही दिवस इथे जरा अंधुक वाटेल. घाबरू नका."

बाहेर ऊन होतं. दोन्ही डोळ्यांत घातलेल्या थेंबांनी बाहुल्या मोठ्या झालेल्या, त्यामुळे रस्ता नुसता पांढरा दिसत होता, त्यात गाड्यांचे रंग विरघळत होते. बायकोने त्याचा हात धरला होता आणि ती पायरी आली, खड्डा आला, असं सांगत होती. फाटकाशी तो थांबला.

"धाकट्याची भिंत सरळ होती," तो म्हणाला.

"काय?"

"सरळ होती. माझा डोळा वाकडा होता."

तिने खांद्यावरची निळी पिशवी सावरली. मग म्हणाली, "मग त्यात तुमचा काय दोष? आजारच तसा. बाईंनी सांगितलं ना? मी सांगते त्याला, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." आणि तिने हात आणखी घट्ट धरला. इथे थांबता आलं असतं. दोषाचा सगळा भार तिने स्वतःहून उचलून बाजूला ठेवला होता, आता फक्त पुढे चालायचं होतं. तिच्या हाताला लसणाचा वास होता.

"मला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "दोरीच वाकडी दिसली. दुसऱ्या डोळ्याने बघितली, तर सरळ. कळलं होतं. लोक होते म्हणून पाडायला लावली."

तिने हात सोडला. झटकून नव्हे, हातातलं भांडं जागेवर ठेवावं तसा सोडला. तो उन्हात उभा राहिला. एक सायकल घंटी वाजवत अगदी जवळून गेली. तिच्या खांद्याच्या पिशवीचा निळा रंग पुढे सरकायला लागला आणि तो त्या निळ्यामागे निघाला, पाय चाचपत. एका पायरीवर अडखळला. निळं थांबलं, पण मागे आलं नाही. तो सावरल्यावर पुन्हा चालायला लागलं. घराच्या बसचा थांबा डावीकडे होता. निळं उजवीकडे वळलं.

"कुठे?" त्याने बसमध्ये विचारलं.

"त्याच्याकडे. शाळेमागे कुंपणाची भिंत बांधतोय."

"तुला कसं माहीत?"

"बहीण आहे मी," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली. नंतर बऱ्याच थांब्यांनी, त्याच्याकडे न बघता, तिने विचारलं, "पोर दवाखान्यात होती तेव्हापण तुम्हाला भिंतीचं माहीत होतं?" तो हो म्हणाला.

कुंपणाच्या भिंतीचं काम लहान होतं. मेहुणा एकटाच होता आणि कालवलेला माल घमेल्यात भरत होता. बहिणीला बघून तो उठला, हात पँटला पुसले. मिस्त्रीला त्याचं तोंड दिसत नव्हतं. एक उंच करडा आकार, आणि मालाचा ओला वास.

"ताई," आकार म्हणाला. मग, "भाऊजी, डोळ्याला काय झालं?"

"यांना तुला सांगायचंय," बायको म्हणाली आणि विटांच्या थप्पीवर जाऊन पाठमोरी बसली.

मिस्त्रीने सांगितलं. जमवून आणलेली वाक्यं बसमध्येच राहिली होती, म्हणून त्याने डोळा, ओल, इंजेक्शनं यातलं काही न सांगता नुसतं दोरीचं सांगितलं. सांगून झालं. थापी विटेवर खरवडल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा.

"मला माहीत होतं," मेहुणा म्हणाला.

"भिंत सरळ होती ते?"

"ते तर होतंच. तुम्हाला कळलं ते. तुम्ही डोळा उघडला, मिटला, उघडला. मी तुमच्या तोंडाकडेच बघत होतो, दोरीकडे कशाला बघू?"

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो." थापी थांबली. "म्हटलं, आत्ता नाही तर जेवताना बोलतील. नाही तर संध्याकाळी. म्हणून तर एकेक वीट काढत होतो. निम्मी उतरली तेव्हा तुम्ही आलात. मला वाटलं, आता म्हणणार, राहू दे."

मिस्त्रीला आठवलं, आपण काय म्हणालो होतो ते. बक्षीस पाहिजे काय. त्याच्या बऱ्या होत आलेल्या डोळ्यात पाणी आलं असेल किंवा ते थेंबांचं असेल. पुसायची मनाई होती, म्हणून त्याने ते तसंच वाहू दिलं. थप्पीवर बायकोची पाठ हलली नाही.

मेहुण्याने विचारलं नाही, की आता काय. तो भिंतीपाशी गेला, खिळ्याला टांगलेलं काहीतरी काढलं, आणि परत येऊन मिस्त्रीच्या हातात दिलं. दोरी होती. "माथ्याला धरा," तो म्हणाला. "मी खाली बघतो." मिस्त्रीने हात वर करून भिंतीचा माथा चाचपला, काठावर दोरी टेकवली आणि गोळा सोडला. त्याला काही दिसत नव्हतं. बोटांना फक्त तो झोका जाणवत होता, इकडे, तिकडे, इकडे. गोळा थांबायला वेळ लागत होता. त्याचा हात भरून आला, पण तो धरून उभा राहिला. खालून मेहुणा काही म्हणेपर्यंत.